नावात ट्रेक आहे म्हणून

चूक माझीच. मी नाव अर्धंच वाचलं.

जून महिना होता. बाहेर पाऊस, आत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन पक्ष. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून फेब्रुवारीत कुठेतरी लांब जायचं, एवढ्यावरच एकमत झालेलं. मला शहर हवं होतं. म्युझियम, कॉफी, ट्रामच्या खिडकीतून लोकांच्या खिडक्यांत डोकावणं, वगैरे. हिला बर्फ हवा होता, आणि तो नुसता बघायचा नव्हता, त्यात 'काहीतरी करायचं' होतं. काय करायचं ते सांगत नव्हती. शेवटी लेकीने बंगळुरूहून फोनवर तह घडवून आणला. "बाबा, ऑस्लोला जा. तिथे मेट्रोत बसून बर्फात जाता येतं. दोघांचंही होईल."

मेट्रोत बसून बर्फात! कोथरूडच्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष नाही. मी लगेच शोधायला बसलो आणि ऑस्लोला काय काय करता येतं त्या यादीत एक नाव सापडलं : कोर्केट्रेक्केरेन. माझी नजर मधल्या 'ट्रेक'वर अडकली. शेवटी 'रेन'ही होता. ट्रेक आणि पाऊस! अरे, हे तर आपलंच. खाली आकडे दिले होते : लांबी सुमारे 2 किलोमीटर, उंचीतला फरक 255 मीटर. म्हणजे सिंहगडाच्या निम्म्यानेही नाही. पिठलं-भाकरी खायला जाताना वाटेत जे चढावं लागतं तोच माझा ट्रेक, पण तो मी पंचवीस वर्षं करतो आहे. मी एक्सेलमध्ये लिहून टाकलं : 'दिवस दुसरा, सकाळ – ट्रेक (सोपा)'. हिने संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये सांगून टाकलं की आम्ही नॉर्वेला ट्रेकला चाललो आहोत.

ज्ञान व्हायला तीन आठवडे गेले. 'ट्रेक्के' म्हणजे ओढणं. कोर्केट्रेक्केर म्हणजे बाटलीचं बूच ओढून काढायचा तो पिळाचा स्क्रू. शेवटचा 'एन' हा त्या भाषेचा स्वभाव : अमुक एक वस्तू म्हणायचं असेल तर नावालाच ते शेपूट लावतात. म्हणजे पाऊसही गेला आणि ट्रेकही गेला. उरली ती बुचाच्या स्क्रूसारखी वळणं घेत जंगलातून खाली येणारी बर्फाची वाट, आणि ती चालायची नव्हती. घसरगाडीवर बसून वरच्या मेट्रो स्टेशनपासून खालच्या मेट्रो स्टेशनपर्यंत यायचं होतं. 255 मीटर हा चढ नव्हताच. 1952 सालच्या हिवाळी ऑलिंपिकात बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरून सुसाट घसरणाऱ्या गाड्यांच्या, शर्यती याच बाजूच्या उतारावर झाल्या होत्या, हेही त्याच दिवशी कळलं.

मी हिला हे अतिशय गंभीर आवाजात वाचून दाखवलं.

"बरं झालं की," ही म्हणाली, "चढायचं तरी वाचलं."

आता बिल्डिंगमध्ये सांगून झालेलं असल्यामुळे माघार नव्हती. पण माझ्याकडे शेवटचं अस्त्र होतं : विमा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा जो शेंगेन व्हिसा, त्यासाठी निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. घसरगाडी त्यात बसत नाही असं विमावाल्याच्या तोंडून वदवून घेतलं की मी सुटलो. फोन लावला. पलीकडे एक उत्साही तरुण होता.

"सर, ॲडव्हेंचर स्पोर्ट आहे का?"

"तेच तुम्हाला विचारतोय."

"सर, व्हेइकल आहे का?"

"गाडी म्हणतात तिला. लाकडाची असते."

"इंजिन किती सीसीचं?"

"इंजिन नाही."

"मग चालते कशावर, सर?"

"उतारावर."

त्याने टाइप केल्याचा आवाज आला. "ब्रेक?"

"पाय."

"कोणाचे, सर?"

मी गप्प बसलो. त्याने मला वाट पाहायला सांगून संगीत लावलं. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा आवाज उजळला होता. "सर, सिस्टीममध्ये याला सगळ्यात जवळचं 'गार्डन स्लाइड' आहे. ते कव्हर होतं. आणि सर, लहान मूल बरोबर असेल तर त्याचंही होतं."

ऑलिंपिकचा उतार बागेतली घसरगुंडी म्हणून नोंदवला गेला, आणि ही टेबलाच्या पलीकडून दोन्ही अंगठे वर करून दाखवत होती.

विम्यानंतर तारखा. डिसेंबरच्या शेवटी ऑस्लोला सूर्य सव्वानवाच्या सुमाराला उगवतो आणि तीन वाजून गेले की मावळतो. त्यात आपलं आवरून बाहेर पडायलाच अकरा वाजणार, म्हणजे चहा झाला की रात्र. म्हणून फेब्रुवारी; तेव्हा दिवस बराच मोठा होतो. मी अभ्यास करून तिसरा आठवडा काढला आणि एका हॉटेलला मेल टाकला. उत्तर आलं, तो तर आठवा आठवडा. मी परत लिहिलं की नाही हो, तिसरा. असा दोन दिवस पत्रव्यवहार झाल्यावर उलगडा झाला. ती मंडळी वर्षाचे आठवडे मोजतात, जसे आपण तिथी मोजतो. आणि आठव्या आठवड्यात ऑस्लोच्या सगळ्या शाळांना हिवाळी सुट्टी असते. अर्धं गाव डोंगरातल्या लाकडी घरांवर जातं आणि उरलेली पोरं शहरातल्या उतारांवर लोटतात. मी कपाळाला हात लावला. घसरगुंडीवर जायचं ते जायचं, आणि तेही शाळेच्या सुट्टीत!

कपड्यांचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात माझा आयुष्यभराचा विश्वास उडाला. मी सुती बनियनवर वाढलेला माणूस. उन्हाळ्यात सुती, पावसाळ्यात सुती, थंडीत दोन सुती. तिकडचं शास्त्र सांगतं की सगळ्यात आत लोकर. सूत घामाने ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब खातं. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. त्यावर आणखी एक उबदार थर, त्यावर वारा अडवणारा थर. वाईट हवा असं काही नसतं, वाईट कपडे असतात, ही तिकडची म्हण. त्यांच्या भाषेत तिला यमकही आहे. यमक असलेल्या म्हणीशी वाद घालता येत नाही.

अंगाला लागून घालायची पातळ लोकर शोधत जुलैच्या भर पावसात आम्ही लक्ष्मी रोडला गेलो. दुकानदाराने समोर रेनकोट टाकला. लोकरीचं म्हटल्यावर त्याने आमच्याकडे आणि मग बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. "दिवाळीनंतर या."

"दिवाळीनंतर घाई होईल."

"तुमची. आमची नाही."

बातमी एव्हाना नातेवाइकांत पोचली होती. आत्याने बद्रीनाथला वापरलेली माकडटोपी पाठवली, सोबत निरोप : 'हिने मला वाचवलंय.' मामेभावाने लडाखचे हातमोजे दिले, दोन्ही डाव्या हाताचे. ऑक्टोबरपर्यंत घरात इतकी लोकर जमली की मांजर आमच्या खोलीत झोपायला येऊ लागलं. बॅग भरून पाहिली तर सत्तावीस किलो, आणि परवानगी तेवीसची. मग काटाकाटी सुरू झाली. जाड पुस्तक गेलं, जादा बूट गेले. ही म्हणाली, "अहो, छत्री?"

"अगं, बर्फात छत्री कोण नेतं?" मी तुच्छतेने म्हणालो आणि यादीतल्या छत्रीवर दोन आडव्या रेघा मारल्या. हे वाक्य लक्षात ठेवा. ही तर कधीच विसरणार नाही.

खाण्याची बॅग आईच्या ताब्यात होती. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या, आणि बरणीभर साजूक तूप. तुपावर मला फुली मारावी लागली. युरोपाच्या बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. "तुपाशिवाय मेतकूट-भात?" आईने अशा आवाजात विचारलं की मला नॉर्वे सरकारच्या वतीने माफी मागावीशी वाटली. गुळपापडीत तूप होतंच, म्हणून त्याही वड्या मुकाट्याने बाहेर आल्या. मी तिला सांगितलं की तिकडे तपकिरी चीज मिळतं. चीज करून उरलेलं पाणी आटवून आटवून ते करतात. चवीला जरासा खारट कंदी पेढा. "खारट पेढा," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

तिला खूश केलं ते हिने शोधलेल्या दुसऱ्या साहसाने. ऑस्लोच्या बंदरात, ऑपेराच्या समोर, पाण्यावर तरंगणारे सौना, म्हणजे कडक तापवलेल्या खोल्या, आहेत. आत उकडून निघायचं, दार उघडून बाहेर यायचं आणि शिडीवरून सरळ फ्योर्डच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या, पाण्यात उतरायचं. फेब्रुवारीत! मला वाचतानाच कापरं भरलं. आईचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे माघस्नान की रे. जा, पुण्य लागेल." आमच्या घरात पुण्याच्या गोष्टीला नाही म्हणायची पद्धत नाही.

माझी साहसाची कल्पना वेगळी होती. तिथे फ्राम नावाचं जहाज आख्खंच्या आख्खं म्युझियममध्ये ठेवलं आहे. याच जहाजातून अमुंडसेन अंटार्क्टिकाला गेला आणि 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. जहाजाच्या आत जाता येतं. दुसऱ्याने केलेलं साहस आपण उबेत हिंडून पाहायचं, हा माझ्या मते पर्यटनाचा सर्वोच्च प्रकार. ते मी तीनदा एक्सेलमध्ये घातलं. तिन्ही वेळा ते संध्याकाळच्या रकान्यात सरकवलेलं आढळलं, म्हणजे बंद व्हायच्या वेळेला.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या आठवणीने अजून ॲसिडिटी होते. फी माणशी 90 युरो. बँकेची स्टेटमेंटं, रिटर्न, रजेचं पत्र, फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, त्यात कान दिसले पाहिजेत. आणि प्रवासाचा हेतू सांगणारं एक पत्र. पत्रात मी प्रामाणिकपणे लिहिलं की आम्ही दोघं टेकडीवरून घसरायला येत आहोत आणि घसरून झालं की परत जाऊ. लेकीने ते खोडून 'सांस्कृतिक पर्यटन' केलं. तरीही व्हिसा मिळाला.

मिळाल्या दिवसापासून ही गुणाकार करू लागली. क्रोनर म्हणजे तिकडचा रुपया; तेव्हा एका क्रोनरचे आपले आठ-नऊ रुपये होत होते. हिने सावधगिरी म्हणून नऊ धरले. कॉफी पन्नास क्रोनरच्या आसपास, म्हणजे साडेचारशे. तीत साखर घातलेली नाही. चाळीस वर्षांनी नवाचा पाढा घरात पुन्हा घुमू लागला.

आणि मग आम्ही ऑस्लोच्या स्टेशनाबाहेर उभे होतो. आत लोकर, मधे लोकर, वर वारा न शिरणारं जाकीट, डोक्याला बद्रीनाथ. तापमान शून्याच्या वर तीन. आणि पाऊस पडत होता.

आपला पाऊस. चांगला तिरका, जुलैतल्या लक्ष्मी रोडसारखा. रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ राखाडी चिखल होऊन वाहत होता. ही काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे वळली आणि हवेत बोटाने दोन आडव्या रेघा मारल्या.

पहिला दिवस असा गेला. रात्री तो चिखल गोठला, आणि सकाळी मला कळलं की ऑस्लोतलं खरं साहस हॉटेलच्या दारापासून स्टेशनपर्यंतचं आहे. फुटपाथ म्हणजे आरसा. ऐंशीच्या घरातल्या एक आजी माझ्या बाजूने खट् खट् करत निघून गेल्या. त्यांनी बुटांना रबराने खिळे अडकवले होते. एक्सेलच्या एकशे बारा ओळींत मी खिळे लिहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस. मी मनातून फ्रामकडे निघालोही होतो. पण चोवीस तासांचं तिकीट काढून झालं होतं आणि ते वाया जाऊ देणं आमच्या दोघांच्याही रक्तात नाही. एक नंबरची मेट्रो धरली. गाडी बोगद्यातून बाहेर आली, वळणं घेत चढू लागली, आणि एका स्टेशनावर खिडकीवरचे थेंब जाड झाले. पुढच्या स्टेशनावर ते तरंगू लागले. शेवटचं स्टेशन फ्रोग्नेरसेतेरेन, समुद्रापासून 469 मीटर. शेवटी परत 'रेन' म्हणून मी श्वास रोखला होता. दार उघडलं तर सगळीकडे पांढरंशुभ्र. डब्यातून आमच्याबरोबर पंचवीस-तीस पोरं घसरगाड्या काखेत मारून उतरली, जसे आपल्याकडे लोक दप्तर घेऊन उतरतात.

भाड्याच्या घसरगाडीवर बसलो. पहिलं वळण येईपर्यंत मला विमावाल्याचा प्रश्न आठवत होता. ब्रेक कोणाचे? दोन्ही टाचा बर्फात रुतवल्या. त्यामुळे वेग कमी झाला नाही, फक्त सगळा बर्फ तोंडावर आला. बद्रीनाथ डोळ्यांवर घसरली. डावीकडून सहा वर्षांची एक मुलगी ओरडत पुढे गेली, उजवीकडून तिचा बाप. मग पाठीमागून ओळखीची किंकाळी आली आणि पंचवीस वर्षांत प्रथमच मी हिला इतक्या वेगाने माझ्यापासून दूर जाताना पाहिलं.

खाली मिड्टस्टूएन स्टेशनाशी मी पोचलो तेव्हा ही आधीच फलाटाजवळ उभी होती. गाल लाल, केसांत बर्फ, हातात घसरगाडीची दोरी.

"गाडीचं भाडं दिवसभराचं आहे," ती म्हणाली. "मेट्रोचं तिकीट चोवीस तासांचं. एकच फेरी केली तर सगळं भाडं एका फेरीवर पडतं. दहा केल्या तर?"

मी कमरेला हात लावून सरळ व्हायचा प्रयत्न करत होतो.

"अहो, आता भागाकार करा," असं म्हणून ती वर जाणाऱ्या गाडीत चढलीसुद्धा.