कासवाची पाठ

नाशिककराचा आरमाराशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी मान खाली घालतो. आमची दर्यावर्दी परंपरा गंगेच्या पुरापुरतीच. (तिला गोदावरी म्हणणारा बाहेरगावचा.) पाणी चढलं की आम्ही ते फुटांत मोजत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. एवढ्या भांडवलावर मी गेल्या मे महिन्यात ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या कॉम्प्युटर गेममध्ये भाच्याशी समुद्री लढाई पत्करली.

खेळ १९९९चा. पुढच्या वर्षी त्यात कोरियन आले आणि त्यांच्याबरोबर कासव-जहाज. तेव्हा कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत तासाच्या बोलीवर मी ते चालवलं होतं आणि प्रेमातच पडलो होतो. जहाज काल्पनिक नाही बरं. १५९२ मध्ये जपानी फौजा कोरियावर चालून आल्या तेव्हा यी सुन-शिन नावाच्या सेनानीने अशी छप्परवाली जहाजं पाण्यात उतरवली आणि त्यांची दाणादाण उडवली. असा इतिहास पाठीशी असताना सिन्नरच्या बारावीतल्या पोराला कोण भितो!

गुण सांगतो. पाठ अशी की बाण तिच्यावर गारांसारखे नुसते वाजतात. जीव २००चा, तोफेचा घाव ५०चा. समोरासमोर कुणी आलाच तर परत जात नाही.

समोरासमोर आला तर. पण भाचा यायला तयारच नव्हता.

“मामा, तुमचं कासव सहा घरांपर्यंतच मारतं. माझं गॅलियन जहाज सातवरून मारतं. आणि पळतं.”

आणि आमचं कासव? द्वारका चौकात संध्याकाळी सातला अडकलेली बस डोळ्यांपुढे आणा. एक गोळा उडवला की दुसऱ्यासाठी सहा सेकंद थांबायचं. तेवढ्यात माणूस चहा गाळून घेईल. किंमत तर विचारूच नका. आमच्या जुन्या आवृत्तीत एकेकाला २०० लाकूड आणि २०० सोनं, आणि त्याआधी ६५० दगड ओतून किल्ला बांधायचा. घर बांधल्याशिवाय पोरगी मिळत नाही, तसला हा प्रकार. माझ्या गावकऱ्यांनी जंगल बोडकं केलं तेव्हा कुठे पाच कासवं झाली.

त्यातली तीन पाठलाग करता करता बुडाली. चौथ्याचं पाणी मारुतीच्या गळ्याशी आलं होतं. पाचवं मात्र ठणठणीत, म्हणून मी ते त्याच्या किनाऱ्याला भिडवलं. तिथे एक भिक्षू उभा होता. हातात काठी, बाकी काही नाही. त्याने हात वर केले, काहीतरी पुटपुटला, आणि माझ्या निळ्या कासवाचा रंग लाल झाला.

मी पंचवटीत वाढलोय. रामकुंडावर नाना विधी पाहिलेत. पण उभं जहाज मंत्राने पळवलेलं नव्हतं पाहिलं. चिलखत तोफेसाठी असतं हो, मंत्रासाठी नसतं! ते कासव वळलं आणि माझ्याच गोदीवर तोफ डागू लागलं. पन्नासचा घाव, बरोब्बर सहा सेकंदांनी पुन्हा पन्नासचा. माझ्याकडे होतं तेव्हा इतकं वक्तशीर नव्हतं मेलं.

“अहो, जिंकू द्या की त्याला, पाहुणा आहे,” बायको आतून म्हणाली.

“पाहुण्याने बंदर जाळलं माझं!”

ती कांदाभज्यांची बशी घेऊन बाहेर आली. पंचवीस वर्षं ही बशी माझ्या उजव्या हाताशी येते. आज ती भाच्यापुढे गेली. आणि त्याने तर तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.