नाट्यगृह उभं राहील, पण संस्थांना पैसे कोण देणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि पुनर्बांधणीची चर्चा सुरू झाली. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की दुरुस्त करायचं, हा वाद त्याच्याही आधीपासूनचा. दोन्हीकडे बोलणं वास्तूपाशीच थांबतं. वास्तू हवीच. पण नवख्या संस्थेला तालमीची जागा, ध्वनियंत्रणेचं भाडं, कलाकारांचं मानधन यांसाठी चार पैसे कोणी आणि कोणत्या नियमाने द्यायचे, यावर कोणी भांडत नाही. खरं तर तिथे भांडायला हवं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ३५१ गावं-शहरं आहेत आणि त्यांच्यासाठी तीनशेहून अधिक लोकल कल्चरल कौन्सिल, म्हणजे स्थानिक कार्यक्रमांना राज्याचं अनुदान वाटणाऱ्या नागरिकांच्या परिषदा. एका परिषदेत किमान पाच नागरिक असतात. नेमणूक महापौर किंवा गावाचं मंडळ करतं, मात्र निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याला सदस्य होता येत नाही. मुदत तीन वर्षांची. लागोपाठ दोन मुदती झाल्या की बाहेर पडावंच लागतं. माझ्या मते सगळी व्यवस्था या दोन अटींवर उभी आहे. राज्याचा पैसा लोकसंख्या आणि मालमत्तांचं मूल्य पाहून सूत्राने येतो, त्यामुळे गरीब गावाला तुलनेने जास्त मिळतो. अर्जात सभागृहाचं भाडं, मानधन, जाहिरात असा खर्च वेगवेगळा दाखवायचा आणि गावाला उपयोग काय, तेही लिहायचं. अर्जदार संस्थेशी सदस्याचा आर्थिक संबंध असेल तर त्या अर्जावर त्याने बोलायचंही नाही.

बिघडतं ते बहुधा वाटपात. कोणालाच नाराज करायचं नाही म्हणून दहा हजार डॉलर चाळीस अर्जांत सारखे वाटले, की वाट्याला येतात अडीचशे. त्यात सभागृहाचं भाडंही निघत नाही आणि कार्यक्रमच बारगळतो. त्यापेक्षा बारा जणांना पुरेसं द्यावं आणि उरलेल्यांना नकाराचं कारण लेखी कळवावं. दुसरी अडचण उधारीची. बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये पैसे कार्यक्रमानंतर, बिलं दाखवल्यावर मिळत. ज्या संस्थेच्या गाठीशी काहीच नाही, ती अर्जच करत नसे. शिवाय नेमणुका रखडल्या की जुनेच चार जण कारभार ओढतात आणि त्यांच्या ओळखीच्याच संस्था अर्ज करत राहतात.

महाराष्ट्राची बाजू अगदीच लंगडी नाही. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्थांना केंद्राकेंद्रावर रंगमंच मिळतो. एवढा पसारा मॅसॅच्युसेट्समधल्या एखाद्या स्थानिक परिषदेच्या आवाक्यातला नाही. पण ती स्पर्धा राज्य भरवतं. शहराची स्वतःची जबाबदारी वेगळी आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक अंगाचं संवर्धन हे पालिकेकडे सोपवता येणारं काम म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पार पाडायला महोत्सव भरवणं आणि नाट्यगृहाच्या तारखा वाटणं पुरेसं नाही.

अशा परिषदेची सुरुवात पालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयापुरती करता येईल. सात नागरिक, त्यात एक तरी लोककलावंत आणि एक शाळाशिक्षक, नगरसेवक नकोत. मुदत तीन वर्षांची. अर्ज मराठीत, दोन पानांचा. निम्मी रक्कम मंजुरीबरोबरच हाती, उरलेली प्रयोगानंतर आठवड्याभरात. आणि मंजूर-नामंजूर अर्जांची यादी, रकमा आणि कारणांसह, पालिकेच्या संकेतस्थळावर.