कान तं तुमचेच आहे जी

हेल्मेट न घातल्याबद्दल मला ५०० रुपयांचं चालान आलं. मला! गल्लीतली पोरं ज्याला 'अंतराळवीर' म्हणतात, त्या मला. दूध आणायलासुद्धा मी हेल्मेट घालून जातो. नागपुरात एप्रिलमध्ये हेल्मेट घालणं म्हणजे स्वतःच्या डोक्यावर सावजी रस्सा शिजत ठेवणं, तरी घालतो.

चालानासोबत फोटो होता. मेडिकल चौक, सकाळी ११ वाजून १२ मिनिटं. काळी मोटारसायकल, चालवणारा पाठमोरा नि उघड्या डोक्याचा, मागे एक बाई, आणि दोघांच्या मध्ये कूलरच्या गवताचं भलंमोठं बंडल. माझ्याकडे मोपेड आहे, पिस्ता रंगाची. माझ्या नंबरचा शेवटचा आकडा ३, आणि त्या गाडीचा ८, त्यातला अर्धा चिखलाखाली. ॲपवर तक्रार केली. आठ दिवसांनी उत्तर आलं, 'फोटो स्पष्ट आहे, तक्रार नामंजूर.' फोटो स्पष्ट होताच की. म्हणून तर तक्रार केली होती.

मग कोर्ट. वाहतुकीच्या चालानांसाठी राज्यातलं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट आमच्या नागपुरातच सुरू झालं, २०२० मध्ये, हे मी पाहुण्यांना संत्र्याच्या बर्फीबरोबर अभिमानानं सांगत आलोय. या सोयीतली मेख आता कळली. गुन्हा कबूल करायचा तर घरबसल्या, बनियनवर करता येतो. नाकबूल करायचा असेल तर देहासकट जावं लागतं.

देहासकट गेलो. अर्धी रजा. आरसी, विमा, ऑफिसच्या हजेरीचा कागद, मोपेडचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. वकील केला नाही. आरोपीला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, आणि पाचशेच्या चालानासाठी दोन हजारांचा वकील करायला मी काही वेडा नव्हतो. निदान सकाळी दहापर्यंत तरी.

व्हरांड्यात एकच बाक होता आणि त्यावर काकाजी होते. सत्तरीचे, पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा, बुडाखाली घरून आणलेली उशी. उशीवरूनच माणूस मुरलेला आहे हे ओळखू यायला हवं होतं.

"कायची केस आहे जी?"

"चालान."

"कितीचं?"

"पाचशे."

काकाजींनी मान वळवून बाकावर बातमी दिली, "पाचशे रुपये!" बाक हळहळला.

"वकील कोण केला?"

"नाही केला. मीच बोलणार आहे."

"मीच बोलतो म्हणते!" हेही बाकाला.

त्यांची स्वतःची केस महाल भागातल्या वाड्याच्या वाटणीची. एकोणीस वर्षं झाली. वरच्या मजल्यावर त्यांच्या कोर्टाबाहेरचा पंखा बंद, म्हणून ते खाली हवेला बसायचे. प्रतिवादी म्हणजे सख्खा धाकटा भाऊ, तोही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मधे बसलेल्या चार माणसांच्या हातांतून खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, एक पन्नी या भावाकडून त्या भावाकडे ये-जा करत होती. बोलणं मात्र बंद.

"दाखवा बरं फोटो."

इथे मी चुकलो. दाखवला.

काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो उन्हाकडे धरला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. "पाठमोरे व्हा जी जरा."

का कोण जाणे, मी झालो. कोर्टाच्या आवारात कोणी आज्ञा केली की माणूस आधी पाळतो.

"कान तं तुमचेच आहे जी."

"काकाजी, ती मोटारसायकल आहे. माझ्याकडे मोपेड आहे."

"गाडीचं कोण विचारून राहिलं? मी कानाचं म्हणून राहिलो."

फोटो बाकावरून फिरला. पोटगीसाठी आलेल्या एका बाईंनी डावा कान हुबेहूब असल्याचं सांगितलं. एका पोरानं फोटोचा फोटो काढून तो मोबाईलवर मोठा केला. शेवटी झेरॉक्स धाकट्या भावापर्यंत पोचली. त्यानं माझ्याकडे बघितलं, खर्रा गालात सरकवला आणि म्हणाला, "दादा बरोबर म्हणून राहिला." एकोणीस वर्षांत त्या दोघांचं हे पहिलं एकमत असावं. काकाजींचे डोळे पाणावल्यासारखे वाटले. माझ्या कानांनी एक वाडा वाचेल की काय, अशी वेळ आली होती.

आता कानांचं म्हणाल तर ते आमच्या घराण्यात आहेत खरे. इस्टेट म्हणून वडिलांकडून तेवढंच आलं. आजोबांचा एकुलता एक फोटो आहे, त्यात आधी कान दिसतात, मग आजोबा. मला खरंच शंका यायला लागली. त्या दिवशी मी कुठे होतो? हजेरीचा कागद सांगतो ऑफिसात. पण मार्चमध्ये कूलरचं गवत तर आम्हीही आणलं होतं!

"आता माझं ऐका," काकाजी जवळ सरकले. "कबूल आहे म्हणा, पाचशे भरा, घरी जाऊन पन्हं प्या. लढले तं हेल्मेटचं कलम १९४ डी, हजार होते."

"पण मी केलंच नाही ना!"

"मी कुठं म्हणून राहिलो केलं? मी म्हणतो कबूल करा."

हे वाक्य मी नंतर बरेच दिवस चघळतोय. त्यांनी ते इतक्या मायेनं म्हटलं होतं.

पावणेदोनला पुकारा झाला, तोही आडनाव बदलून. आत गेलो. साहेब तरुण होते, समोर फायलींची चळत.

"गुन्हा कबूल आहे?"

"नाही, साहेब."

टेबलाशी लिहिणाऱ्याचा हात थांबला. माझ्याआधी बाराएक जण 'कबूल' म्हणून पाच मिनिटांत मोकळे झाले होते. मी तीनपैकी एक संच पुढे केला. ही मोपेड, ही मोटारसायकल. ही पिस्ता, ती काळी. चष्मा न लावता आजीनंही सांगितलं असतं. साहेबांनी पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलंही. मग त्यांनी चालानवाल्या बाजूकडे बघितलं.

"साहेब, मूळ रेकॉर्ड मागवावं लागेल."

"पुढची तारीख, १८ जून."

झालं. पावणेचार तास आणि पंचेचाळीस सेकंद. १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, असं मी घरून वाचून गेलो होतो, बोलायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून. वेळच आली नाही. चूक त्यांची, ती तीन ठिकाणी छापलेली, आणि ती चूक आहे हे शाबीत करायला रजा माझी, झेरॉक्स माझ्या, पेट्रोल माझं. ते रेकॉर्ड आजच का नव्हतं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. बाहेर आल्यावर सुचलं.

बाहेर ऊन ४३ अंशांचं. काकाजी वाट पाहत होते.

"का झालं जी?"

"तारीख. अठरा जून."

त्यांचा चेहरा उजळला. पिशवीतून डायरी काढली, पानं उलटली. "आमचीबी त्याच दिवशी आहे! या सकाळी, जागा धरून ठेवतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त टोपी घालून येजा. कान दिसले नाही पाह्यजे."