‘हजारो वर्षांचा अनुभव’ नेमका कशाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

चिनी औषधं, आतड्यातले जीवाणू आणि फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणं) यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चिन्यांच्या हुआंगलियान या औषधी मुळीचं कौतुक केलं, पण त्यातलं बर्बेरिन हे द्रव्य आपल्या दारुहळदीतही आहे हे लिहिलं नाही. हजारो वर्षं वापरातल्या औषधाला पुरावे मागणं हा उद्धटपणा आहे. नैसर्गिक आहे, अपाय काय होणार. जीवाणू-बिवाणू ही नवी फॅशन आहे. आणि तुमच्या वडिलांचं फॅटी लिव्हर काढ्याने ग्रेड टूवरून ग्रेड वनवर आलं, ते माझ्यासारख्यांना दिसत नाही.

दारुहळदीचं लगेच मिटवू. तिच्यात बर्बेरिन आहेच, तिचा काढा आटवून केलेल्या रसांजनातही आहे. लेख चीनमधल्या संशोधनावर होता म्हणून वनस्पती तिथली घेतली. रेणू एकच आहे, तेव्हा पुढचं सगळं दारुहळदीतल्या बर्बेरिनलाही लागू.

आता हजारो वर्षं. चिनी वैद्य हुआंगलियान देत आले ते मुख्यतः जुलाब, आव आणि ज्याला ते ‘दमट उष्णता’ म्हणतात त्यासाठी. आजही तिथे बर्बेरिनची स्वस्त गोळी जुलाबावर सर्रास घेतात. (मुळी इतकी कडू की ‘मुक्याने हुआंगलियान खाल्ला’ अशी चिनी म्हणच आहे: कडूपणा सोसायचा, पण सांगायची सोय नाही.) जुलाब थांबले की नाही हे वैद्याला आणि रोग्याला दोन दिवसांत कळतं, त्यामुळे तो अनुभव मी गंभीरपणे घेतो. यकृतातली चरबी मात्र बहुतेकांना दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतात चरबीमुळे येणाऱ्या सुजेला वेगळं नाव मिळालं तेच १९८० साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. जे कुणाला दिसतच नव्हतं, त्यावरच्या इलाजाचा अनुभव जमा होणार कसा? फॅटी लिव्हरसाठी बर्बेरिन हा आजचा दावा आहे, तेव्हा पुरावाही आजचाच लागणार.

जीवाणूंना फॅशन म्हणालात, पण या औषधाचं कोडं त्यांच्याशिवाय सुटतच नाही. बर्बेरिन तोंडावाटे घेतलं तर रक्तात नगण्य पोचतं, तरी साखर आणि चरबीवर परिणाम दिसतो. २०१५ साली चिनी संशोधकांनी दाखवलं की आतड्यातले जीवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरिन करतात, ते आतड्याच्या भिंतीतून सहज शिरतं आणि पलीकडे पुन्हा बर्बेरिन होतं. उलट बाजूने बर्बेरिनही काही जीवाणूंना मारतं, त्यांची वस्ती बदलतं. आणि यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७० ते ७५ टक्के पोर्टल शिरेतून, म्हणजे मुख्यतः आतड्याकडूनच येतं. २०१९ साली बीजिंगच्या एका गटाने एका रुग्णाची हकिगत छापली: दारूचा थेंब न घेता, नुसतं पिष्टमय जेवण झालं की रक्तात अल्कोहोल. आतड्यात क्लेब्सिएला न्यूमोनिया या जीवाणूचे भरपूर अल्कोहोल बनवणारे प्रकार सापडले, आणि ते उंदरांना दिल्यावर उंदरांचं यकृत चरबीने भरलं. प्रत्येक फॅटी लिव्हरमागे हेच असतं असा अर्थ कुणी काढू नये, पण याला फॅशन म्हणणंही कठीण.

माणसांवरचा पुरावा हवा तर शांघायमधली चाचणी पाहा, तीही २०१५ चीच. १८४ रुग्ण, १६ आठवडे. आहार-व्यायामाच्या जोडीला बर्बेरिन घेणाऱ्यांच्या यकृतातली चरबी सुमारे ५३ टक्क्यांनी घटली. नुसत्या आहार-व्यायामाने ३६ टक्क्यांनी. म्हणजे औषधाने भर घातली, आणि तरी त्यातलं बरंचसं काम चालण्या-जेवण्यानेच झालं होतं. शिवाय कोण काय घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्या फरकावरही मी हातचा राखूनच विश्वास ठेवतो.

म्हणूनच वडिलांबद्दल विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. काढा सुरू केला त्याच काळात चहातली साखर, फरसाण, रात्रीचं उशिराचं जेवण सुटलं का? वजन किती उतरलं? सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती उजळ दिसतं याचा नजरेचा अंदाज. मशीन बदललं, डॉक्टर बदलले, तरी टूचं वन होऊ शकतं. दोन्ही वेळचं वजन आणि एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) कळवलंत तर बोलायला काही हाती लागेल.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ या वाक्यावर मात्र मी अडून बसणार. हे शौ वू नावाची मुळी चीनमध्ये केस काळे राहावेत म्हणून पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते, चरबी उतरवायलाही देतात. तिने यकृताला इजा होते म्हणून चीनच्याच औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये इशारा दिला, आणि पुढे एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना धोका बराच जास्त असल्याचं निघालं. ज्यांच्यात तो नाही अशा बहुतेकांना काहीच होत नाही, मग तक्रार मुळीपर्यंत पोचणार कशी? आपल्याकडेही करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही असं म्हटलं. पण पुडीत नेमकं काय होतं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसावं, याने माझी काळजी वाढतेच.

वडील काढा चालूच ठेवणार असतील तर पुडीचं लेबल जपून ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना नाव सांगा. काढ्यात दारुहळद असली तर हेही लक्षात ठेवा: बर्बेरिन काही औषधांची रक्तातली पातळी वाढवतं, अवयवरोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिनची तर नक्कीच. तेव्हा ते आणखी काय काय घेतात, त्या गोळ्यांची यादीही सोबत न्या.