प्रश्न नेमका हवा, मोजमाप वेळेवर हवं

सामाजिक कार्यकर्त्यांनी संशोधन वाचायची सवय लावावी, असा सल्ला एका लेखात वाचला. तो बरोबर आहे, पण अपुरा वाटतो. वाचनाला हातातल्या केसमधून आलेला प्रश्न लागतो. 'नैराश्यावर काय उपयोगी?' असं मोघम शोधलं तर माणूस शोधनिबंधांच्या ढिगात हरवतो. कोणासाठी, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि कोणता बदल अपेक्षित, एवढं आधी लिहून काढा. मग सुट्या अभ्यासांच्या आधी पद्धतशीर आढावे, म्हणजे एका प्रश्नावरचे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने एकत्र तपासणारे आढावे, पाहा. सामाजिक प्रश्नांवर असे आढावे काढणाऱ्या कॅम्पबेल कोलॅबोरेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आढावे मोफत वाचता येतात. किशोरांना तुरुंग दाखवून धाक घालणारे कार्यक्रम गुन्हे कमी नव्हे, उलट वाढवतात, हे अशाच आढाव्यातून पुढे आलं.

खरी गफलत पुढे होते, मोजमापात. नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली (९ प्रश्न, गुण ० ते २७) हस्तक्षेपाआधी, म्हणजे आपली मदत सुरू होण्याआधी, पहिल्या भेटीत एकदाच भरून घेतात. माणूस मदत मागायला येतो तेव्हा त्रास बहुधा टोकाला असतो. तो आपोआप थोडा ओसरतो आणि श्रेय आपल्या हस्तक्षेपाला जातं. म्हणून शक्य असेल तिथे हस्तक्षेपापूर्वी किमान ३ नोंदी घ्या, नंतर त्याच अंतराने घेत राहा आणि साध्या आलेखावर मांडा. प्रश्न मागच्या २ आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे रोज भरून घेण्यात अर्थ नाही. संकटातल्या माणसाची मदत मात्र नोंदींसाठी एक दिवसही थांबवू नये. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज कितीही कमी असो, तिथे शून्याहून जास्त उत्तर आलं तर त्याच भेटीत बोलायलाच हवं.