‘जाड तेल ओता, मिटलं’ म्हणणाऱ्या निपाणीच्या दादांना

दादा, पुढचा शॉकप टेपनं मोजून दुरुस्त करण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं : बुलेटचा पुढचा शॉकप दणके देत असेल तर त्यात २०डब्ल्यू-५० हे जाड इंजिन ऑइल घालावं, तुमचे मिस्त्री तीस वर्षं तेच करतायत, आणि मी उगाच टेप घेऊन शहाणपण शिकवतोय. वर माझी एक चूकही काढलीत.

चूक मान्य. शॉकपमधल्या स्प्रिंगवर पाइपचा तुकडा बसवला की स्प्रिंग कडक होते, असं मी लिहून गेलो. होत नाही. ती आधीच थोडी दाबलेली राहते, त्यामुळे गाडी पुढून उंच उभी राहते, एवढंच. कडक हवी तर जाड तारेची घ्यावी लागते. वाक्य दुरुस्त केलंय.

तेलाचं मात्र मागे घेणार नाही. या जुन्या फोर्कात, म्हणजे पुढच्या शॉकपच्या जोडीत, व्हॉल्व्ह कसले, नळीला पाडलेली भोकं. भोकातून तेल दुप्पट वेगानं रेटलं की विरोध चौपट होतो. हायवेवर गाडी संथ डुलते, तिथं जाड तेल बरं वाटणारच. तीच गाडी घेऊन चोर्ल्याच्या घाटात या. खड्ड्याची कड चाकाला लागली की तेलाला निघायला सवडच नसते. फोर्क काठीसारखा ताठ आणि दणका थेट मनगटात. शिवाय दबलेला फोर्क वर यायलाही वेळ लावतो, म्हणून लागोपाठ चार खड्डे आले की चौथ्याला चालच, म्हणजे दबायला जागाच, उरत नाही. जांबोटी सोडल्यावर माझ्या येझदीवर मागं बसलेला मेव्हणा हेच सोसून कणकुंबीला उतरला आणि म्हणाला, “तू हो पुढं, मी वडापच्या जीपनं येतो.”

ज्या बेळगावात हायड्रॉलिकचे पंप बनतात, तिथं आपण फोर्कात हाताला येईल ते तेल ओततो!

आधी टेप लावाच. पुढचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून हेडलाइटच्या खोळीपर्यंत एक माप, गाडीवर बसून दुसरं. फरक एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आला तर स्प्रिंग थकलीय. तेल काय करणार? माझ्या येझदीत निम्मी चाल बसल्याबसल्याच खाल्ली जायची. आणि चाक बसवताना ॲक्सलचा क्लॅम्प सैल ठेवून फोर्क चार-पाचदा दाबा, मग आवळा. अडकणारा फोर्क निम्म्या वेळा इथंच सुटतो.

तुमचे मिस्त्री दोन्ही बाजूंना क्वार्टरच्या बाटलीनं सारखं तेल मोजतात, हे मला आवडलं. पण एका बाजूच्या तळाशी जुनं तेल राहिलं असेल तर बाटली फसवते. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेल किती खाली आहे ते मोजायला सांगा त्यांना.