खुलासा: कोपराच्या नसेचं ऑपरेशन आणि ‘लुळा हात’

‘कोपरातली दबलेली नस ऑपरेशनने सोडवली की हात कायमचा लुळा पडतो, रोज तेलाने चोळा’ हा मेसेज चुकीचा आहे. माझं हे ऑपरेशन झालंय, म्हणून लिहितेय. करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर होतं ते अल्नर नस (कोपरातून करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) दबल्याने. त्रास सौम्य असेल तर रात्री कोपर सरळ ठेवणारा पट्टाही पुरतो. चोळून दाब हटत नाही. ऑपरेशननंतर बोटं लगेच जागी होतीलच असं नाही. इजा झालेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे बोटापर्यंत कित्येक महिने. माझीही करंगळी हळूहळूच सुधारली. लोक घाबरतात ते याच काळात. उपचार लांबवले आणि पंजाचे स्नायू झिजले, तर मात्र ते पूर्ण भरून येतीलच असं नाही. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या.